नऊ दिवस बंद असलेलं पान

दिवाळी अंकवाले नोकरीच्या आठवणी सहसा निवृत्त माणसांकडून मागवतात. माझं वय एकतीस आहे आणि मी निवृत्त झालेली नाही. निवृत्त झालं ते माझं पद. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावर असलेल्या एका मासेमारीच्या बंदरावर एका संस्थेचं माहिती केंद्र होतं. तिथे मी चार वर्षं केंद्रचालक होते. आता त्या खोलीत जाळी ठेवतात. जाळ्यांना वीज लागत नाही आणि प्रशिक्षणही लागत नाही, त्यामुळे संस्थेचा हा उपक्रम आधीच्यापेक्षा चांगला चालला आहे.

केंद्र म्हणजे बर्फाच्या दुकानावरची एक खोली, तीन संगणक, एक प्रिंटर आणि मी. सकाळी हवामानाचा अंदाज छापून जेटीवर लावायचा. दुपारी दाखल्यांचे अर्ज भरायचे. कुवेतला असलेल्या नवऱ्याला बाळाचा फोटो पाठवायचा. फोटो गेला याची खात्री पटेपर्यंत बाळाची आई उठत नसे आणि नवऱ्याचं उत्तर येईपर्यंत बाळाची आजी उठत नसे. संध्याकाळी मुलींचा टायपिंगचा वर्ग.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. माझे वडील राजापुरात संघटनेचं काम करत आणि पत्रकं काढत. मी अक्षरं पत्रकांवरूनच शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द ‘जाहीर’ आणि दुसरा ‘निषेध’. कमळ आणि गवत नंतर आले. पत्रक वाटताना मी पाहिलं होतं की लोक ते वाचतात, मान हलवतात आणि घडी करून खिशात टाकतात. त्यावर कोणाला उत्तर देता येत नाही. ही पत्रकाची ताकद आहे असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

केंद्रात विकी आणली अन्वरने. तो याच बंदरावरचा, पण मस्कतला संगणकाच्या नोकरीत. शुक्रवारी त्याला सुट्टी असे. त्या दिवशी त्याला गावाची आठवण येई आणि माझा फोन वाजे.

“मॅडम, गावाचं एक विकी करू. इंटरनेटवर जागा मी घेतो, तुम्ही फक्त लोकांकडून लिहून घ्या.”

ज्यांनी ती चीज पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. विकी म्हणजे संगणकावरची अशी वही की जिच्या प्रत्येक पानावर एक बटण असतं. ते दाबलं की वाचणारा लिहिणारा होतो. आधीच्या माणसाने लिहिलेलं खोडता येतं, बदलता येतं. पण खोडलेलं फुकट जात नाही. ‘इतिहास’ नावाच्या मागच्या पानावर जुना मजकूर, तारीख, वेळ आणि कोणी बदललं हे सगळं जमा होत राहतं. मला ही कल्पना इतकी पटली की पहिल्या दिवशी मी केंद्रात एक छोटं भाषण केलं. ज्ञान ही कोणाच्या बापाची मालमत्ता नाही, वगैरे. श्रोते तिघे होते. त्यांतले दोघे बाळाच्या फोटोसाठी आले होते.

मग महिनाभर कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

कारण बटण होतं. त्यावर मी ‘संपादन’ असं लिहिलं होतं. लोकांना वाटलं, संपादक म्हणून कोणी नेमलेला असेल, तो दाबेल. मी ते बदलून ‘दुरुस्त करा’ केलं. हे जास्तच वाईट ठरलं. दुसऱ्याने लिहिलेलं दुरुस्त करायचं म्हणजे त्याच्या दारात जाऊन त्याची चूक काढायची. चूक पाठीमागे काढण्याची सोय बंदरावर भरपूर असल्याने कोणी तो मार्ग घेतला नाही. शेवटी मी ‘भर घाला’ असं लिहिलं. दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांनी विहिरींच्या यादीच्या पानावर भर घातली. स्वतःचं संपूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांसकट. विहिरीबद्दल काही नाही. देवळाच्या पायरीवर नाव कोरतात तसं. तरी मी ते काढलं नाही, कारण सुरुवात झाली होती.

लिहिण्याआधी नाव नोंदवायची सक्ती मी मध्यंतरी केली होती. नोंदणीला ई-मेल लागे आणि अख्ख्या बंदराला मिळून एकच ई-मेल होता, केंद्राचा. ती सक्ती मी काढून टाकली. नाव नसलं की यंत्र माणसाच्या जागी संगणकाच्या जोडणीचा आकडा दाखवतं. एकदा कोणीतरी संस्थेच्या अध्यक्षांच्या पानावर अध्यक्षांबद्दल खरं ते लिहिलं. मी तो आकडा कायमचा हद्दपार केला. आमच्या तिन्ही संगणकांचा आकडा एकच होता, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

अन्वरचा फोन आला. “मॅडम, तुम्ही सगळ्या गावाला बाहेर काढलंत.”

“मला पण लिहिता येत नाहीये.”

“तुम्ही पण त्यात आलात. मी उघडतो इकडून.”

तर, सोय म्हणून दाबलेलं एखादं बटण किती माणसांना गप्प करतं, याचा अनुभव मला आधीच आलेला होता. मी त्यातून काही शिकले असते तर हा लेख इथेच संपला असता.

आमच्या विकीवर जिवंत पान एकच होतं. त्याचं नाव ‘खाडीचं तोंड’. खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचा बांध आहे. पाण्याखालचा, दिसत नाही. त्यातून होड्यांना आत यायला एक खोल वाट असते, आणि ही वाट जागा बदलते. पावसाळ्यानंतर तर बदलतेच, पण एखाद्या मोठ्या उधाणानंतर मध्येच बदलते. सरकारी नकाशा येईपर्यंत वाळू दोनदा सरकून परत आलेली असते. दाभोळकडची होडी आमच्या बंदरात यायची झाली तर बाहेर थांबून स्थानिक होडीची वाट बघायची आणि तिच्या मागोमाग आत यायची.

ही वाट सगळ्यात चांगली ठाऊक होती शरीफचाचांना. चाचांनी चाळीस वर्षं तांडेल म्हणून काढली. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. डोळे अधू झाल्यावर त्यांनी समुद्र सोडला, जेटी सोडली नाही. लाट कुठे फुटते ते दिवसभर बघायचं, आत आलेल्या प्रत्येक होडीला पाणी किती लागलं ते विचारायचं. मग बर्फाच्या दुकानाचा जिना चढून केंद्रात यायचं आणि जी मुलगी संगणकावर असेल तिच्या शेजारी बसायचं. बहुतेक वेळा ती रेहाना असे. ती चाचांच्या शेजारची. बारावी झालेली, वर्गातली सगळ्यात वेगवान.

“रेहाना, भर घाल गो. लिव. मशिदीचा मिनार नि सड्यावरची पाण्याची टाकी एका रेषेत धरा. काळा खडक दिसला की खडकाच्या उजवीकडून या. डावीकडं पाणी नाय.”

अशा खुणा कोणी कोणाला फुकट सांगत नसे. चाचा का सांगत होते, हे मला उशिरा समजलं. चाचांचा मुलगा सलीम आता होडी चालवायचा. त्याने जीपीएसचं यंत्र घेतलं तेव्हा चाचा म्हणाले होते, “मिनार काय पडलाय, डबा कशाला पायजे?” सलीमने उत्तर दिलं, “मिनार धुक्यात दिसत नाय नि तुमाला उन्हात पण दिसत नाय.” त्या दिवसापासून बापलेकांत बोलणं बंद होतं. एकाच घरात राहायचे. निरोप सलीमची बायको पोचवायची, तोही फक्त जेवणापुरता.

पण सलीम रोज दुपारी केंद्रात यायचा. हवामान बघायला, असं म्हणायचा. हवामानाचा कागद जेटीवर लावलेला असायचा. इथे येऊन तो ‘खाडीचं तोंड’ उघडायचा, वाचायचा आणि जायचा. बाप जिना चढून लिहून घ्यायचा, मुलगा जिना चढून वाचायचा. माझ्या भाषणातल्या लोकशाहीपेक्षा ही चीज छोटी होती, पण चालत होती.

भाद्रपदात एक दिवस दोघे एकाच वेळी आले. एका संगणकावर रेहाना आणि चाचा, दुसऱ्यावर सलीम. पाठीला पाठ, मध्ये दोन फूट. सलीमने पहिल्यांदाच बटण दाबलं आणि एका बोटाने लिहिलं : खडकाच्या डावीकडून या, माझ्या जीपीएसवर आहे. चाचांची ओळ त्याने काढून टाकली.

“रेहाना, माझी ओळ कुठं गेली?”

“गेली, चाचा.”

“कोणी काढली?”

पडद्यावर उत्तर होतं. दोघे एकदम लिहायला लागले की यंत्र दुसऱ्याला सूचना देतं. रेहानाने ती मोठ्याने वाचली. “तुम्ही लिहीत असताना दुसऱ्या कोणीतरी हे पान बदलले आहे.”

“बरं. त्या दुसऱ्या कोणीतरीला सांग, ह्या खाडीत त्याचा आज्जा पण उजवीकडनं यायचा.”

सलीम माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमी दुसऱ्या कोणीतरीला सांगा, आज्ज्याच्या टायमाची वाळू आता आज्ज्याकडं गेली.”

“रेहाना, काढ त्याचं. घाल माझं.”

“मॅडम, परत गेलं बघा माझं!”

तासाभरात ते पान चौदा वेळा बदललं. खाली बर्फ फोडणारे वर येऊन बघू लागले. मग सलीमला होडीत बर्फ भरायचा होता, तो गेला. थोड्या वेळाने चाचाही उठले. शेवटची ओळ सलीमची राहिली होती.

मी केंद्रचालक होते. माझ्याकडे असं एक बटण होतं जे इतर कोणाकडे नव्हतं. ते दाबलं की पानाला कुलूप लागतं. वाचता सगळ्यांना येतं, पण ‘भर घाला’ हे बटण नाहीसं होतं. कुलूप लावल्याची पाटी आपोआप लागत नाही. ती वेगळी लिहून लावावी लागते. मी कुलूप लावलं, पाटी लावली नाही. भांडणाऱ्यांना न सांगता मिटवलेलं भांडण लवकर मिटतं, अशी माझी समजूत होती. तीन दिवसांनी उघडायचं असं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचा निरोप आला की पुण्याला प्रशिक्षणाला जा. मी गेले आणि कुलूप विसरले. प्रशिक्षणाचा विषय ‘लोकसहभाग’ हा होता. मला चांगले गुण मिळाले.

पुढचं मला रेहानाने सांगितलं. मी गेल्यावर दोन दिवसांनी वादळी वारा झाला, दोन दिवस मोठ्या लाटा होत्या. तिसऱ्या दिवशी चाचा जेटीवरून बघून आले. खडकाच्या डावीकडे जिथे निळं पाणी होतं तिथे आता लाट फुटत होती. डावी वाट बुजली होती.

“रेहाना, भर घाल.”

“चाचा, बटणच नाय.”

“नाय म्हंजे?”

“बंद केलंय पान. मॅडमनीच केलं असणार. तुमी भांडलात ना त्या दिवशी.”

चाचा म्हणाले, “बरोबर केलान. म्हाताऱ्या माणसानं पोराशी चारचौघांत भांडू नये.”

“मॅडमना फोन लावू?”

“नको. कामाला गेल्यात त्या. आमचं घरातलं त्यांना कशाला.”

जाता जाता जेटीवर भेटलेल्या दोन तांडेलांना त्यांनी तोंडी सांगितलं. ते दोघे उजवीकडून आत आले. त्यांनी सलीमला सांगितलं नाही, कारण बोलणं बंद असलं तरी एवढं सलीमला त्याच्या बापाने सांगितलंच असेल, असं कोणीही धरून चालेल.

दोन दिवसांनी दुपारी ओहोटी लागलेली असताना सलीमची होडी परत आली. होडीत सलीम धरून चौघे होते. चाचा जेटीवर उभे होते, रेहाना बर्फाच्या दुकानाशी. मिनार आणि टाकी एका रेषेत धरून होडी सरळ आली, काळ्या खडकाशी आली आणि डावीकडे वळली. चाचा ओरडले, “अरे, लिवलेलं वाचलं नाय काय रे!” आणि मग, रेहाना म्हणते, त्यांनी वळून केंद्राच्या जिन्याकडे पाहिलं. लिहिलेलं नव्हतंच.

होडी वाळूला लागली, आडवी झाली आणि पुढच्या लाटेने उलटली. दोघे पोहत बाहेर आले. तिसरा खलाशी वरच्या अंगाच्या गावातला, शेतकरी घरातला. त्याला पोहता येत नव्हतं. सलीमने त्याला धरून ठेवलं, दुसरी होडी येईपर्यंत. त्यात सलीमचा खांदा निखळला. माणसं वाचली. होडी वाळूतच फुटली. इंजिन दोन दिवसांनी काढलं, जीपीएस सापडलं नाही.

मी परत आले ते थेट सलीमच्या घरी गेले. काय बोलायचं ते एसटीत पाठ केलं होतं. ते बोलायची वेळ आली नाही. सलीम खाटेवर होता, हात गळ्यात अडकवलेला. तोच बोलला.

“मॅडम, मी रोज बघत होतो. बाबांनी एवढ्या दिवसांत काय बदललं नाय. मना वाटलं, पटलं त्यांना. म्हटलं, पहिल्यांदा माझी ओळ ठेवली बाबांनी.”

मी पान बंद केलं त्या दिवशी त्यावरची ओळ बरोबर होती. हे मी अनेकदा स्वतःला सांगितलं आहे. दोघेही बरोबर होते, फक्त वेगवेगळ्या दिवशी. चूक दोघांपैकी कोणाच्याही ओळीत नव्हती. मी बापाचं तोंड बंद केलं आणि मुलाला ती संमती वाटली. यंत्रात या दोन गोष्टी सारख्याच दिसतात : पान बदललेलं नाही.

कुलूप मी काढलं. नऊ दिवस झाले होते.

आठवड्याने जिन्यावर दोघांची पावलं वाजली. पुढे चाचा, मागे सलीम. सलीम संगणकासमोर बसला, चाचा त्याच्या शेजारी. सलीमचा एक हात गळ्यात होता, पण तो तसाही एका बोटाने लिहायचा.

“लिव,” चाचा म्हणाले. “हे पान नऊ दिवस बंद होतं.”

“होतं. पुढं?”

“त्यात डावीकडची वाट बुजली. ती लिवता आली नाय. सलीमची होडी लागली.”

“हळू सांगा, बाबा. ‘बुजली’वरच हाय मी.”

“पान मॅडमनी बंद केलान.”

सलीमचं बोट थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरमध्ये कागद भरत होते. भरून झाला होता तरी भरत होते.

“लिव की,” चाचा म्हणाले. “नि नुसतं मॅडम नको. मॅडम शाळेत पण हायत, पोस्टात पण हायत. त्यांना उगाच कशाला.”

“नीलिमा,” मी म्हटलं. “पहिला नी दीर्घ.”

सलीमने लिहिलं. “जतन करू?”

“कर,” मी म्हटलं.

दोन दिवसांनी अध्यक्ष आले. त्यांनी ती ओळ वाचली नव्हती, त्यांना सांगण्यात आली होती.

“ही ओळ काढून टाका. संस्थेचं नाव खराब होतं. आणि यापुढे समितीने ठरवलेल्या पाच तांडेलांनाच पासवर्ड. बाकी कोणी लिहायचं नाही.”

“ओळ काढली तरी मागच्या पानावर राहते, साहेब. कोणी काढली तेही राहतं.”

“म्हणजे काढूनही राहणार?”

“हो. शिवाय काढण्याचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात काय लिहू, ते सांगा.”

अध्यक्षांनी मला पुष्कळ सुनावलं. मीही ऐकून घेतलं नाही. पाचही तांडेल एकाच दिवशी समुद्रात असतील तेव्हा काय, असं विचारलं. मला आवडली ती माझी वाक्यं मी इथे देत नाही, कारण कुलूप लावणारी मीच होते आणि त्या दिवशी अध्यक्षांनी ते मला चारदा ऐकवलं. ओळ राहिली. पासवर्डही आला नाही. माझा पुढच्या वर्षीचा करार मात्र सहा महिन्यांचा झाला, आणि त्यापुढच्या वर्षी झालाच नाही.

मधल्या काळात त्या पानावर एक अनपेक्षित गोष्ट घडली. आपली वाट सांगायला जे तांडेल कधी जिना चढले नव्हते ते येऊ लागले. चांगली वाट कोणी सांगत नव्हतं. ते दुसऱ्याची होडी कुठे लागली होती ते सांगत होते. ज्याची होडी असे तो संध्याकाळी धावत येई आणि जागा दुरुस्त करून घेई : तिथे नाही, त्याच्या चार वाव अलीकडे, आणि वारा होता. मग पहिला येऊन वारा नव्हता असं लिही. आम्ही मागितलं तेव्हा न मिळालेली माहिती अशी उणीदुणी काढता काढता जमा झाली. वाळू कुठे कुठे येते हे त्यावरून नकाशासारखं दिसू लागलं. त्या यादीत मी केंद्र सोडलं तेव्हा सव्वीस नोंदी होत्या. पंचवीस होड्या आणि एक मी.

दुसऱ्या वर्षी नारळीपौर्णिमेनंतर सलीमने मेहुण्याबरोबर भागीत घेतलेली होडी पाण्यात लोटली. मी जेटीवर हवामानाचा कागद लावत होते. चाचा त्यांच्या नेहमीच्या जागी उभे होते. इंजिन सुरू झालं, आणि सलीमने ते परत बंद केलं.

“बाबा, येताना कुठनं येऊ?”

“पानावर लिवलंय. सकाळीच रेहानाकडनं लिवून घेतलं. वाचलंस नाय?”

“वाचलं,” सलीम म्हणाला. “तुमी सांगा.”